साक्ष आपली, निवाडा अल्लाहचा



आपल्या घरात मूल जन्मले की त्याच्या कानात अजान दिली जाते. म्हणजे ‘ला इलाह इल्लल्लाह’ हे शब्द बाळ स्वतःच्या नावाच्याही आधी ऐकते. ते बोबडे बोलू लागले की दादी किंवा नानी मांडीवर घेऊन त्याला कलमा शिकवते. आणि माणूस अखेरच्या घटका मोजू लागला की उशाशी बसलेली मुले-नातवंडे हळू आवाजात हाच कलमा म्हणत राहतात.

कलम्याचा अर्थ आपण सारे जाणतो. अल्लाहशिवाय कोणीही उपास्य नाही, मुहम्मद (स.) अल्लाहचे प्रेषित आहेत. नमाजमध्ये अत्तहियातला बसतो तेव्हा ही साक्ष ‘अशहदु’ या शब्दाने सुरू होते. त्याचा अर्थ ‘मी साक्ष देतो’. ‘आम्ही’ नव्हे, ‘मी’! दिवसाच्या फक्त फर्ज नमाजांतच हे 9 वेळा घडते. साक्षीदाराने स्वतःला ठाऊक आहे तेवढेच सांगायचे असते. निकाल देणे हे त्याचे काम नाही.

सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील एक प्रसंग हे फार स्पष्ट करतो. हजरत उसामा बिन जैद (रजि.) हे प्रेषितांचे (स.) अत्यंत लाडके. जुहैना कबील्याच्या एका शाखेवरील मोहिमेत ते आणि एक अन्सारी साथी यांनी शत्रूच्या एका माणसाला गाठले. त्याने लगेच ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हटले. अन्सारी साथीने हात आवरला, उसामांनी (रजि.) मात्र भाला चालवला. तो माणूस ठार झाला.

मदीनेला परतल्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, कलमा म्हटल्यानंतरही त्याला मारलेस? उसामा (रजि.) म्हणाले, त्याने तो केवळ जीव वाचवण्यासाठी म्हटला होता. यावर प्रेषितांनी (स.) विचारले, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? तोच सवाल ते पुन्हा पुन्हा करत राहिले. उसामांना (रजि.) वाटले, आपण आजच्या आधी मुसलमान झालोच नसतो तर बरे झाले असते! पुढे मुसलमानांमध्येच आपसात तलवारी निघाल्या, तेव्हा ते त्यापासून दूर राहिले.

आज आपल्या हातात भाला नाही, जीभ आहे. कोणी फक्त जुम्याला मशिदीत आला की ‘शुक्रवारचा मुसलमान आला’ म्हणून आपण हसतो. सोयरीक ठरवताना ‘त्यांचा ईमान कच्चा’ असे सहज बोलून जातो. मसलक वेगळा असेल तर सलामचा जवाबही जड जातो. त्या टोमण्याने तो तरुण पुढच्या जुम्याला आलाच नाही, तर जबाबदार कोण? चुकणाऱ्याला प्रेमाने, एकांतात समजावणे आपले कर्तव्यच आहे. पण त्याच्या हृदयात काय आहे, हे फक्त अल्लाह जाणतो.

आपल्याला तपासायची आहे ती स्वतःची साक्ष. कलम्याचा पहिला शब्द ‘ला’ म्हणजे ‘नाही’. हा नकार आधी स्वतःच्या घरात द्यावा लागतो. मुलाच्या निकाहात हुंड्याची यादी करताना ‘लोक काय म्हणतील’ याची भीती अल्लाहच्या भीतीहून मोठी ठरली, तर जिभेवरचा ‘ला’ कुठे गेला? बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवला, तर ‘मुहम्मदुर्रसूलुल्लाह’ म्हणून आपण कोणाचे अनुसरण केले?

आज इशाच्या नमाजमध्ये अत्तहियातला शहादतचे बोट उठेल, तेव्हा क्षणभर आठवू या की ही साक्ष शेजाऱ्याची नाही, माझी आहे. अल्लाह आपल्या सर्वांना या साक्षीवर जगण्याची आणि याच साक्षीवर मरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.