मुलांचे शहर मागून मिळत नाही



रस्त्यावर मूल जायबंदी झाले की आईबाप आमच्यासारख्या वकिलाकडे येतात ते नुकसानभरपाईच्या अर्जासाठी. शाळेसमोर गतिरोधक घाला, मुलांना चालण्यापुरता रस्ता मोकळा करा, असा अर्ज अपघातापूर्वी लिहून घ्यावयास आलेला पालक आम्ही अद्याप पाहिलेला नाही. अमरावती-अकोल्याच्या नागरी जीवनाचे दुखणे एवढ्यात सामावले आहे.

मुलाला शाळेत निर्धास्तपणे पायी जाता यावे, तेथे पिण्याचे पाणी आणि मुलींकरिता वेगळा संडास असावा, खेळण्यास मैदान असावे, पारा 45 अंशांवर जातो तेव्हा डोक्यावर सावली असावी, या मागण्यांना घरगुती कटकट समजणारा मनुष्य स्वतःची फसवणूक करतो. या राजकीय मागण्या आहेत. कारण त्यांसाठी लागणारी जागा, पैसा आणि हुकूम महापालिकेच्या व शासनाच्या हाती आहे. 1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवावयाच्या 18 विषयांची यादी घटनेत घातली. तीत पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा आहे आणि उद्याने व क्रीडांगणेही आहेत. मग मुलांच्या मैदानासाठी एखाद्या पुढाऱ्याच्या मेहेरबानीची वाट का पाहावी?

राजकारण पुढाऱ्यांनी करावे, आपण मुले सांभाळावी, असे कित्येक माता म्हणतात. त्यांनी आपल्याच गावाचा इतिहास आठवावा. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे या अमरावतीच्या. त्या परिषदेने मुलींच्या वसतिगृहांची मागणी केली, कामकरी स्त्रियांच्या रजेची केली आणि प्रातिनिधिक संस्थांत स्त्रियांना जागा असाव्यात, हीही केली. संसार आणि सत्ता यांच्यामध्ये त्या स्त्रियांनी भिंत घातली नाही. आज महापालिकेतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असताना आपण ती भिंत का बांधावी?

कायदा झाला म्हणजे काम झाले, हा दुसरा भ्रम. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 सालीच केला होता. पाणी मात्र ओंजळीत आले ते 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. मधली तीन वर्षे ठराव कागदावर पडून होता. आपल्या मुलांच्या हक्कांची आज तीच गत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला पाणी, मैदान, कुंपण आणि मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक केली. महापालिकेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिलीच पाहिजे. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे हे या समितीचेच काम आहे. वाचकहो, आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? आपण स्वतः सभासद असाल, तर शेवटची सही इतिवृत्त वाचून केली होती काय?

पालक एकत्र आल्याने काय होते, याचा दाखला ताजा आहे. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य शासनाने नियम बदलले आणि सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव प्रवेशांच्या बंधनातून मोकळे केले. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. घरी बसून हळहळणाऱ्यांना तो निकाल मिळाला नसता.

आपल्या दोन्ही शहरांत मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवक नव्हते. प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात दाद मागावयास जागा नाही, ही सबब काही अंशी खरी होती. आज तीही उरलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. प्रत्येक वस्तीतील दहा पालकांनी एकत्र यावे. त्यांत पाच तरी माता असाव्यात. मुलांच्या वाटेने शाळेपर्यंत स्वतः चालून पाहावे आणि उणिवांची यादी करावी. ती लेखी द्यावी, पोच घ्यावी, अर्थसंकल्पापूर्वी नगरसेवकापुढे ठेवावी आणि तरतूद झाली की नाही ते माहितीच्या अधिकारात विचारावे. शेजारच्या मोहल्ल्यातील आणि पलीकडच्या आळीतील पालकांनाही बरोबर घ्यावे. त्यांची मुलेही त्याच रस्त्याने जातात.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण एका संध्याकाळी वर्गणी जमवितो, स्वयंसेवक उभे करतो, रस्ते अडवितो. एवढे संघटनाकौशल्य अंगी असलेल्या समाजाला शाळेसमोरचा एक रस्ता सुरक्षित करून घेता येत नाही, हे आम्ही मानावयास तयार नाही. संघटित व्हा, हा आदेश भिंतीवर रंगविण्यासाठी दिलेला नव्हता. नुकसानभरपाईच्या अर्जावर सही करण्याची पाळी येण्यापूर्वी पहिल्या अर्जावर सही करा.