घटस्फोटानंतरच्या मनाचा वाली कोण?

घटस्फोट ही मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वस्त्यांतील गोष्ट, असा समज आपल्याकडे फार काळ होता. तो वस्तुस्थितीला धरून कधीच नव्हता. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट या प्रथा पूर्वापार होत्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेदेखील रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य ठेवला. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला; परंतु परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथील हिंदू स्त्रीला कोर्टाचा दरवाजा खऱ्या अर्थाने १९५५ नंतरच उघडला. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा मार्ग आला, आणि त्यातील सहा महिन्यांची प्रतीक्षाही न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. मुस्लिम स्त्रीच्या बाबतीत १९८५ चा शाहबानो निकाल, एका दमात दिलेला तिहेरी तलाक गुन्हा ठरविणारा २०१९ चा कायदा आणि पोटगीचा सर्वसाधारण हक्क तिलाही आहे हे पुन्हा स्पष्ट करणारा २०२४ चा निकाल, असा हा प्रवास आहे.

तात्पर्य, विवाह मोडण्याचा कायदा गेल्या पाऊणशे वर्षांत बराच माणुसकीचा झाला. प्रश्न आहे तो कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या भागाचा. दावा दाखल झाल्यापासून हुकूमनामा हाती पडेपर्यंत, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे, त्या माणसाच्या मनाचे काय होते, याची विचारपूस कोणी करावयाची?

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे साडेतेरा लाख घटस्फोटित आणि सुमारे पस्तीस लाख विभक्त व्यक्ती नोंदल्या गेल्या. म्हणजे ज्यांचा संसार मोडला पण कागद झाला नाही, त्यांची संख्या अडीचपटीहून अधिक. आणि दोन्हींत स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त. महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको. टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न सार्वजनिक व्यासपीठावर आणणारी परित्यक्तांची परिषद संगमनेरला १९८८ मध्ये भरली होती. त्या चळवळीने पोटगी, शिधापत्रिका आणि निवारा यांसाठी लढा दिला, आणि ते क्रमाने योग्यच होते. पोटाचा प्रश्न आधी, मनाचा नंतर. परंतु ‘नंतर’ म्हणून बाजूस ठेवलेला प्रश्न तसाच पडून राहिला, हेही मान्य केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की समुपदेशनाची सोय कायद्यातच आहे. ती आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली. मुंबईत त्याच वर्षी पोलिसांच्या सहकार्याने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे ही कल्पना राज्यभर पसरली. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. परंतु या सर्व व्यवस्थेचा उगम पाहिला पाहिजे. कौटुंबिक न्यायालयावर कायद्याने घातलेले पहिले कर्तव्य समेटाच्या प्रयत्नाचे आहे. साहजिकच ‘समुपदेशन’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘समजूत घालणे’ असा होऊन बसला. नांदता येत असेल तर नांदा, न जमल्यास देण्याघेण्याचे ठरवा, मुलांच्या भेटीचे वार ठरवा. हे काम आवश्यक आहे. पण तो विवाहावरचा उपचार झाला. माणसावरचा उपचार निराळा. ज्या बाईला सहा महिने झोप नाही, ज्या कारकुनाचे कामावर लक्ष लागत नाही, ज्याला आपण सर्वस्वी नालायक ठरलो असे रात्रंदिवस वाटते, त्याच्यापुढे ‘एकत्र राहता का?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. शिवाय निकाल लागला की न्यायालयाचा संबंध बहुधा पोटगीच्या वसुलीपुरता आणि मुलांच्या ताब्यापुरता उरतो. मनाचा खरा रिकामपणा मात्र त्याच दिवशी सुरू होतो.

मग परभणी जिल्ह्यातील माणसाने जावे कोठे? राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. सोनपेठ किंवा पालमच्या शिक्षिकेने खाजगी तज्ज्ञ गाठावयाचा तर परभणी, नाही तर नांदेड वा छत्रपती संभाजीनगर. म्हणजे एक रजा, एक प्रवास, फी, आणि ‘कोठे गेला होता?’ या प्रश्नाचे उत्तर. लहान गावात दवाखान्याच्या पायरीवर कोण दिसले ही बातमी त्या माणसाआधी घरी पोचते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मानसिक विकारांचे सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचाराबाहेर असल्याचे आढळले, त्यामागे तज्ज्ञांची टंचाई आहे तशी ही भीतीही आहे.

तरीही वाट अगदीच बंद आहे असे नाही. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले, आणि मानसोपचार विभाग हा अशा महाविद्यालयाचा नियमाने आवश्यक असलेला भाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा हक्क ठरविला आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. सासरच्या वकिलाला ही माहिती कळेल काय, या धास्तीने जे पाऊल उचलत नाहीत, त्यांनी ही तरतूद जरूर ध्यानात ठेवावी आणि आपल्या वकिलाशीही बोलून घ्यावे.

येथे एक विवेक हवा. घटस्फोटाचे दुःख हा रोग नव्हे. बहुसंख्य माणसे काळ, काम आणि चार जिव्हाळ्याची माणसे यांच्या आधाराने सावरतात. परंतु झोप आणि अन्न आठवडेच्या आठवडे तुटले, दारूचा आधार घ्यावासा वाटू लागला, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबणे धोक्याचे असते. औषध लागेल असे वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, आणि बोलून मोकळे होण्याची, विचारांची घडी बसविण्याची गरज असल्यास मानसशास्त्रज्ञ, असा साधा भेद आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती आहे काय, शिक्षण काय, फी किती, दूरध्वनीवरून भेट होईल काय, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच नको. आणि जो तज्ज्ञ पहिल्या तासातच ‘जुळवून घ्या’ किंवा ‘सोडून द्या’ असा निकाल देतो, त्याच्याकडे पुन्हा न गेलेले बरे. निर्णय घेण्याइतके बळ त्या माणसाच्या ठायी परत आणणे हे त्याचे काम, निर्णय देणे नव्हे.

शासनाकडून अपेक्षा अवास्तव नाहीत. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळतो. मग ज्या विधी सेवा कार्यालयात तिला वकील नेमून दिला जातो, तेथेच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी तिच्या हाती देण्यास किती खर्च येतो? शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला, तेव्हा खचलेला माणूस ओळखण्याच्या कामी आशा कार्यकर्तींचे साहाय्य घेण्यात आले. पीक बुडाल्यावर माणूस खचतो हे ज्या यंत्रणेला पटले, तिला घर बुडाल्यावरही तो खचतो हे पटणे अवघड नसावे. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड यांसारख्या तालुक्याच्या गावी ठरलेल्या दिवशी मानसशास्त्रज्ञ सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागातच बसला, तर कोण कशासाठी आले हे कोणाला कळणारही नाही. पुरुषांनाही ही वाट खुली असावी. रडणे पुरुषाला शोभत नाही या समजुतीची किंमत अनेक घरे मोजत आहेत.

आणि समाज म्हणून आपण? शाळेत एखाद्या मुलाची वही अचानक अपुरी राहू लागते, तेव्हा त्याच्या आईवडिलांच्या दाव्याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत न करता त्या मुलाशी दोन शब्द बोलणे शिक्षकाच्या हाती आहे. कचेरीत तारखेसाठी रजा मागणाऱ्या सहकाऱ्याचा अर्ज कारण न उकरता पुढे सरकविणे कारकुनाच्या हाती आहे.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ अशी म्हण या गावावरून फार वर्षे चालत आली आहे. तिचा अर्थ कोणी कसाही लावो. बाहेर जमले नाही तर परतावयास हक्काचे गाव आहे, हाही अर्थ तिच्यात आहेच. ज्यांचे खरोखरच ‘बनले’ नाही आणि जी माणसे पोर कडेवर घेऊन किंवा एकटीच परत आली, त्यांना केवळ छप्पर देऊन ही म्हण खरी होणार नाही. त्यांच्या मनाला उभे राहण्याइतकी जागा जिल्ह्याने दिली, तरच ती खरी झाली असे म्हणता येईल.