हा स्क्रू नेमका कुणाला अडवतो?

मागच्या महिन्यात आईचा मिक्सर ऐन चटणी वाटताना बंद पडला. मी तो उलटा केला, ड्रॉवरमधला जुना डिसमिस काढला. बुडाला चार स्क्रू. तीन निमूट निघाले. चौथ्याच्या डोक्यावर नेहमीची अधिकची खाच नव्हती, तीन पाकळ्यांचं काहीतरी भलतंच होतं. सर्व्हिस सेंटरवाल्याने मिक्सर न उघडताच सांगितलं, "मोटार गेली, १८०० रुपये." मी हट्टाला पेटले. ३०० रुपयांचा बिट सेट मागवला आणि रविवारी मिक्सर उघडला. मोटार ठणठणीत होती, फक्त कार्बन झिजले होते. जोडी ४० रुपयांना मिळाली. मिक्सर पुन्हा घरघरायला लागल्यावर बाबा म्हणाले, "मग तो स्क्रू होता कशाला?"

हा प्रश्न साधा नाही.

अशा स्क्रूंचं एक खानदानच आहे. काहींच्या डोक्यात सहा टोकांची चांदणी असते आणि मधोमध एक बारीक खुंटी, त्यामुळे साधा बिट आत शिरतच नाही. काहींना नुसती दोन भोकं असतात. एकमार्गी स्क्रूची खाच एका बाजूने उताराची असते. आवळताना डिसमिस नीट पकडतो, उलटं फिरवलं की घसरतो. काही बोल्टचं डोकं ठरावीक जोर लागला की तुटूनच पडतं आणि मागे पकडायला काही उरत नाही.

पण यातलं एकही कुलूप नाही. कुलपाची किल्ली प्रत्येकाची वेगळी असते. इथे एकच किल्ली सगळ्यांना चालते आणि ती बाजारात विकत मिळते. ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच सांगून ठेवलंय की सुरक्षितता यंत्रणा लपवण्यावर नाही, किल्ली लपवण्यावर टिकायला हवी. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे कॉलेजात पाठ करतो.

मग असा स्क्रू देतो काय? वेळ. चोराला उशीर करतो, एवढंच. सार्वजनिक शौचालयातला नळ काढणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात आणि कुणी बघेल ही धास्ती असते. तिथे हा उशीर कामाचा आहे. गाडीच्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं लॉक तर एकदा काढलं की पुन्हा बसत नाही, म्हणजे छेडछाड लपत नाही. त्यावर माझी काही तक्रार नाही.

पण माझ्या स्वयंपाकघरात मला कुणाची धास्ती? माझ्याकडे अख्खा रविवार आहे. मिक्सर चोरणारा तो उचलून नेईल, बुडाचा स्क्रू कशाला काढत बसेल? म्हणजे इथे अडवायला चोर नाहीच. अडते ती मालकीण, आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला.

हा माझा मनाचा खेळ नाही. आयफोन ४ सुरुवातीला साध्या फिलिप्स स्क्रूंचा होता. नंतर ॲपलने तिथे पाच पाकळ्यांचे स्क्रू बसवले. २०११ च्या सुरुवातीला आयफिक्सिटने उघडकीला आणलं की दुरुस्तीला आलेल्या फोनचे साधे स्क्रूही बदलून परत दिले जातायत. फोन तोच, मालक तोच. फक्त उघडण्याची सोय काढून घेतली.

"आत करंट असतो, लोकांना शॉक बसेल," हे उत्तर ठरलेलं आहे. धोका खरा आहे. मायक्रोवेव्हचा प्लग काढला तरी आतला कपॅसिटर जीवघेणा असू शकतो. पण मग ते झाकणावर ठळक, मराठीत लिहा. तीन पाकळ्यांचा स्क्रू कपॅसिटरबद्दल अवाक्षर सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की हे तुझं काम नाही. आणि ज्याला साधा डिसमिस मिळत नाही तो सुरीचं टोक घालून बघतो. त्यात कुणाची सुरक्षा?

आता माझ्याच धंद्याबद्दल. बिट ३०० रुपयांत मिळायला लागले तसा स्क्रू लोखंडातून कोडमध्ये गेला. फोनचा सुटा भाग मूळ फोनशी सॉफ्टवेअरने जोडलेला असतो. अस्सल असला तरी दुसऱ्या फोनमधला भाग चालेलच असं नाही. २०२१ च्या आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी बंद व्हायचा. ओरड झाल्यावर ते अपडेटने सुधारलं गेलं. म्हणजे अडचण काचेत नव्हती, कोडमध्ये होती. असा कोड आभाळातून पडत नाही. आमच्यासारखंच कुणीतरी टिकेट उचलतं, लिहितं आणि शुक्रवारी घरी जातं. त्याला बिट सेट मिळत नाही.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये अशा जोडणीविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

माझं मागणं मोठं नाही. घरात वापरायच्या वस्तूला घरातल्या डिसमिसने निघणारे स्क्रू लावा. वेगळे लावायचेच असतील तर त्यांचा बिट खोक्यात द्या. अस्सल सुटा भाग नाकारणारा कोड लिहायला सांगितलं, तर आम्ही इंजिनिअरांनी मीटिंगमध्ये निदान बाबांचा प्रश्न विचारावा: हा स्क्रू कशाला? आणि तुम्ही पुढच्या वेळी मिक्सर घ्यायला जाल तेव्हा वॉट आणि वॉरंटी विचाराच, पण दुकानातच तो उलटा करूनही बघा.