पाठराखण स्वतःची

पावसाळा लागला की कॉलेजच्या पार्किंगमध्ये दुसरा विषय नसतो. कुणाचा ताम्हिणीचा बेत, कुणाचा माळशेजचा, तर कुणाला आंबोलीमार्गे थेट गोवा गाठायचा असतो. ग्रुपवर तारीख ठरते, पेट्रोलचा हिशेब होतो, कोण कुणाच्या मागे डबलसीट बसणार यावर रुसवेफुगवे होतात. आणि हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो : 'अरे, बॅक प्रोटेक्टर कोणता घेऊ?' मग दहा मिनिटांत पंधरा उत्तरं. एक म्हणतो, जाड बघून घे. दुसरा म्हणतो, भारी कंपनीचा घे. तिसरा म्हणतो, जॅकेटमध्ये असतोच की, कशाला वेगळे पैसे घालवतोस!

हा प्रश्न तुम्ही विचारताय, याचाच आम्हाला आधी आनंद आहे. हेल्मेट आरशाला अडकवून फिरणं आणि चौकात पोलीस दिसला की घाईघाईने डोक्यावर चढवणं, हे आपल्याकडे अजून संपलेलं नाही. त्याच पार्किंगमध्ये उभा राहून कुणी पाठीच्या कण्याची काळजी करत असेल, तर ती गोष्ट छोटी नाही. पण प्रश्न चांगला असला तरी उत्तरं बहुतेक वेळा चुकीची मिळतात. म्हणून आज त्याबद्दल जरा सविस्तर बोलू.

आधी एक आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवर होती. जे वाचले, पण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकले नाहीत, ते या आकड्यात नाहीत. पाठीच्या दुखापतीचा विचार करताना खरी भीती त्याचीच असते.

शाळेत शिकलेलं थोडं आठवा. कण्यात ३३ मणके. मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कमरेचे ५ आणि खाली जुळून गेलेले माकडहाडापर्यंतचे. त्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हात मोडला तर प्लास्टर घालता येतं, हाड जुळतं. मज्जारज्जूला झालेली इजा मात्र आजच्या वैद्यकालाही पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे इथे 'बघू पुढच्या वेळी' हा आपला लाडका पर्याय उपलब्धच नाही.

पाठीवर कवच घालण्याची कल्पना रेसिंगच्या ट्रॅकवरून आली. १९७५ मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर ब्रिटिश रेसर बॅरी शीन भयानक पडला, अनेक हाडं मोडली. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या डाइनीझे कंपनीने पाठीचं कवच तयार केलं, त्यात शीनचाही सहभाग होता. कल्पना घेतली होती शेवंडीच्या पाठीवरून. कोकणातल्या मित्रांना वेगळं सांगायला नको : एकावर एक सरकणाऱ्या कडक पट्ट्या, वाकायला मोकळ्या, पण वरून मार बसला की भक्कम. आजचे बरेच प्रोटेक्टर मऊ असतात. हातात घेतले तर रबरासारखे वाकतात आणि जोरात आघात झाला की क्षणात कडक होऊन तो मार मोठ्या भागावर पसरवतात. कडक चांगलं की मऊ, यावर ग्रुपवर रात्र जागवू नका. दोन्ही प्रकारांत चांगले आहेत आणि दोन्हींत टाकाऊही आहेत.

मग ओळखायचं कसं? लेबल वाचून. युरोपात पाठीच्या कवचासाठी स्वतंत्र मानक आहे, ईएन १६२१-२. चाचणी समजायला सोपी आहे. प्रोटेक्टर एका ठोकळ्यावर ठेवतात आणि वरून ५० जूल ऊर्जेचा आघात करतात. म्हणजे पाच किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरून सोडल्यासारखं. खाली किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत जोर पोचला तर लेव्हल १, आणि ९ किलोन्यूटनपर्यंतच पोचला तर लेव्हल २. थोडक्यात, लेव्हल २ मध्ये तुमच्या पाठीपर्यंत येणारा मार जवळपास निम्म्यावर आलेला असतो. दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. ब्रँडचं नाव नंतर बघा, आधी हा नंबर बघा.

आता गंमत अशी की अनेक जॅकेटांत कोपर, खांदे यांना प्रमाणित पॅड असतात आणि पाठीच्या खिशात असतो नुसता स्पंजचा तुकडा! तो फक्त जॅकेटचा आकार राखायला आणि पुढे खरा प्रोटेक्टर घालता यावा म्हणून जागा धरायला असतो. दुकानदार मात्र 'फुल प्रोटेक्शन आहे सर' म्हणून मोकळा होतो. म्हणून ट्रायल रूममध्येच जॅकेटच्या आत हात घाला, पाठीचा खिसा उघडा, आतला तुकडा बाहेर काढा आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. काहीच छापलेलं नसेल तर तो स्पंज आहे असंच समजा. ईएन १६२१-१ लिहिलेलं असेल तर ते कोपर-गुडघ्यांचं मानक, त्यात लेव्हल १ ची मर्यादा ३५ किलोन्यूटन आहे, पाठीच्या जवळजवळ दुप्पट. ते पाठीला चालणार नाही. आणि नुसती 'सीई' ही दोन अक्षरं दिसली म्हणून भुलू नका. मानकाचा क्रमांक, लेव्हल आणि मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, तिन्ही हवं.

त्याच लेबलवर आणखी काही अक्षरं असतात. 'एफबी' म्हणजे पूर्ण पाठ झाकणारा, 'सीबी' म्हणजे फक्त मधला भाग, 'एलबी' म्हणजे कमरेपुरता. शक्य असेल तर पूर्ण पाठीचा घ्या. 'टी प्लस' ही खूण असेल तर तो ४० अंश तापमानातही चाचणीत उतरला आहे. ही खूण ऐच्छिक असते, पण आपल्यासाठी महत्त्वाची आहे. मऊ प्रकारचं साहित्य उन्हात आणखी मऊ पडू शकतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारभर गाडीवर टाकून ठेवलेल्या जॅकेटचं काय होत असेल याचा विचार करा. विदर्भातल्या मंडळींनी तरी ही खूण बघूनच घ्यावं.

नंबर बघून झाला की माप. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण आपण शर्टाच्या मापाने विचार करतो. प्रोटेक्टरचं माप तुमच्या उंचीवर किंवा छातीवर नाही, तर कमरेपासून खांद्यापर्यंतच्या अंतरावर ठरतं. घरी आईला किंवा रूममेटला टेप धरायला सांगा आणि ते अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. प्रोटेक्टरवर किती ते किती सेंटिमीटरसाठी आहे ते छापलेलं असतं. मग तो घालून गाडीवर बसा, दुकानात गाडी नसेल तर बाहेर लावलेल्या स्वतःच्या गाडीवर बसा. हेल्मेट घाला. मान वर करून बघा, हेल्मेटची मागची कड प्रोटेक्टरला टेकतेय का? टेकत असेल तर तो लांब आहे. पुढे वाका, कमरेचा भाग उघडा पडतोय का? पडत असेल तर आखूड आहे. दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे सरकवून बघा. सहज सरकला, तर रस्त्यावर घसरतानाही सरकणार. ढगळ जॅकेटमधला लेव्हल २ आपल्या जागेवर राहिलाच नाही, तर त्या नंबरचा उपयोग काय?

याच कारणाने, जॅकेट जरा सैल असेल तर खिशात सरकवायच्या प्रोटेक्टरपेक्षा पट्ट्यांचा, कमरेला बेल्ट असलेला वेगळा प्रोटेक्टर बरा. तो अंगाला धरून राहतो आणि कोणत्याही जॅकेटखाली घालता येतो. फक्त वरून जॅकेटची चेन लागतेय ना, ते बघा. खिशातल्याचा फायदा हा की तो विसरला जात नाही, जॅकेट घातलं की आलाच. रोज होस्टेल ते कॉलेज करणाऱ्याला तो सोयीचा. शेवटी जो तुम्ही रोज घालाल तोच चांगला. कपाटात लटकलेला कोणाला वाचवत नाही.

आता थोडं कडू बोलू. बॅक प्रोटेक्टर काय करत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. तो पाठीवर थेट बसणारा मार कमी करतो : रस्त्याचा, दगडाचा, फुटपाथच्या कडेचा. पण कण्याच्या अनेक गंभीर दुखापती अशा थेट माराने होत नाहीत. पाठ वेडीवाकडी दुमडली, पिळली गेली, किंवा डोक्यावर अथवा बुडावर आपटून मणके एकमेकांवर दाबले गेले, तर तिथे हे कवच फारसं काही करू शकत नाही. मानेपर्यंत तर ते पोचतच नाही. रंग न मारलेल्या गतिरोधकावरून गाडी उडाली आणि मागे बसलेली मैत्रीण सीटवर आदळली, तर तिचा मणका वाचवायला तुमचा वेग कमी असणं हाच उपाय आहे. ती ५० जूलची चाचणीसुद्धा आठवा. पाच किलो आणि एक मीटर. घाटात ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या माणसाचा हिशेब त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे. तेव्हा 'आता सगळं घातलंय, पिळ अॅक्सिलरेटर' असं मनात आलं, तर त्या दिवशी प्रोटेक्टर घरी ठेवून बसने गेलेलं बरं.

म्हणूनच क्रम चुकवू नका. पैसे मोजकेच असतील, आणि विद्यार्थ्याकडे ते मोजकेच असतात, तर पहिला खर्च चांगल्या आयएसआय खुणेच्या हेल्मेटवर. तोही दोन हेल्मेटवर, कारण कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. मग हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. मग जॅकेट आणि त्यात प्रोटेक्टर. चार-पाच हजारांचा आवाज करणारा सायलेन्सर आणि डोक्यावर फुटपाथवरून घेतलेली टोपी, हे गणित कुठल्याच विषयात पास होत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या रोजच्या पाठीवरची. सॅक! लॅपटॉप, चार्जर, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली असं सगळं आपण थेट कण्यावर बांधून फिरतो. पाठीवर पडलात तर तो डबाच पहिल्यांदा मणक्यात घुसणार. सॅकला प्रोटेक्टर समजणारेही आहेत, ते तर आणखी धोक्याचं. जड आणि कडक सामान मागच्या सीटवर नीट बांधा किंवा टाकीवरच्या बॅगेत ठेवा. यासाठी एक लवचीक दोरी पुरते.

प्रोटेक्टर जन्मभराचा नसतो, हेही लक्षात असू द्या. एकदा जोरदार मार खाल्ला, तर वरून धडधाकट दिसला तरी बदला. कंपनीने वापराची मुदत दिलेली असते, ती बघा. म्हणूनच सेकंडहँड घेऊ नका. त्याने आधी काय सोसलंय, ते विकणारा सांगत नाही.

आमची एक मागणी कंपन्यांकडे आणि सरकारकडेही आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय खुणेशिवाय विकता येत नाही. पाठीच्या कवचाला अशी सक्ती नाही. उद्याच ती आणा असं आम्ही म्हणत नाही. पण जॅकेटच्या पाठीत स्पंज असेल, तर 'हा प्रोटेक्टर नाही' एवढं तरी मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? तोवर वाचण्याची जबाबदारी तुमची.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाटेत कुणी पडलेला दिसला, मित्र असो की अनोळखी, तर त्याला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका, रिक्षात कोंबू नका. गाड्यांची किंवा आगीची भीती नसेल तर आहे तिथेच, आहे तसाच राहू द्या. मान हलू देऊ नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. येणाऱ्या गाड्या थांबवा, १०८ ला फोन करा आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा. पोलिसांच्या लफड्याची भीती नको. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. अपघातात वाचलेला कणा अनेकदा उचलताना जातो. त्या वेळी त्याचा खरा बॅक प्रोटेक्टर तुम्हीच असता.

तर या रविवारी जरूर जा. धबधबे बघा, भुट्टा खा, फोटो टाका. निघण्याआधी फक्त जॅकेटच्या पाठीचा खिसा उघडून आत काय आहे ते एकदा वाचा. आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना, ते बघूनच किल्ली फिरवा.