घरातले मुके सोबती : बापलेकांची भांडणे आणि झडणारे केस

प्र. : दीड वर्षापूर्वी मुलाच्या हट्टापायी गिनीपिगची जोडी आणली. त्यांच्या पिलांपैकी एक नर ठेवला, तो आता ४ महिन्यांचा आहे. महिनाभरापासून बापलेक एकमेकांवर धावून जातात. बापाच्या नाकाजवळचे व पाठीवरचे केस गेले आहेत, मादीच्याही कुशीवरचे विरळ झाले आहेत. शेजारीण म्हणते, मारामारीत गेले, खोबरेल तेल चोळा. आता मुलाच्या मनगटावर गोल चट्टा उठला आहे. सासूबाई म्हणतात, देऊन टाका. मुलगा रडतो. काय करावे?
– एक वाचक, रायपूर

उ. : आधी मुलाला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरात गिनीपिग आहेत हे आवर्जून सांगा. नाकाजवळून सुरू होणारे, खपल्यांचे चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते हाताळणाऱ्याला लागते. दुकानातून परस्पर मलम आणू नका. स्टिरॉइड असलेल्या मलमाने खाज थांबते, पण गजकर्ण पसरते. तेलाचा तर काहीच उपयोग नाही.

भांडण हा वेगळा प्रश्न आहे. नर दोन-अडीच महिन्यांत वयात येतो. एका पिंजऱ्यात दोन नर आणि एक मादी म्हणजे युद्धच! नुसते घुमणे, कंबर हलवत फिरणे चालायचेच. पण दात वाजवणे, मानेचे केस उभारणे, रक्त निघणे दिसले, की दोघांना वेगळे करा. मध्ये उघडा हात घालू नका, जाड टॉवेल टाका. पिंजरे शेजारी ठेवा, म्हणजे एकमेकांची सोबत राहते. खरे तर नर पिलू ३ आठवड्यांचे होताच आईपासून दूर करायला हवे.

मादी गाभण असण्याची दाट शक्यता आहे. सुमारे ६० ते ७० दिवसांच्या गर्भारपणात कुशीचे केस विरळ होतात. मात्र या वयापासून बीजकोशात गाठी होऊनही दोन्ही कुशींवरचे केस सारखेच जातात, तेव्हा तपासणी हवीच. ती गाभण असेल हे डॉक्टरांना सांगा, काही औषधे गर्भाला चालत नाहीत.

सतत खाजवणे, कातडी जाड होणे ही मात्र खरजेची खूण. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की बहुधा उलगडा होतो. दुर्गजवळच्या अंजोऱ्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. कुत्र्याचे औषध अंदाजाने देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधे पोटात गेल्यास गिनीपिग दगावू शकतो.

त्यांच्या शरीरात आपल्यासारखेच 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज सिमला मिरचीचा तुकडा, अधूनमधून पेरूची फोड आणि भरपूर गवत द्या. कूलरच्या दमट हवेत भुसा ओला राहू देऊ नका.

देऊन टाकायचेच ठरले, तरी उपचार पूर्ण होईपर्यंत थांबा. नाहीतर तो चट्टा दुसऱ्या घरच्या मुलाच्या हातावर उठेल.