विकणाऱ्याची पायपीट

उत्तम माल आपल्या गुणांवरच खपतो, त्याला दारोदार हिंडवावे लागत नाही, ही समजूत आपल्याकडील सुशिक्षित वर्गात फार खोल रुजलेली आहे. निर्मिती हे प्रतिष्ठेचे काम आणि विक्री हे काहीसे कमीपणाचे काम, अशी उतरंड या समजुतीतूनच तयार होते. शेतकऱ्याला अधिक पिकविण्याचा उपदेश करणारे पुष्कळ. पिकविलेले कोणाच्या दारात, कोणी, किती वेळा नेऊन ठेवायचे, हे सांगणारे विरळा. या समजुतीचा फोलपणा पाहावयाचा असेल तर वाइनच्या जागतिक व्यापाराकडे पाहावे.

परदेशी वाइन म्हटली की जुनी गढी, ओकची पिंपे आणि पिढीजात वैभव असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या गढीचा मालक वर्षातले कित्येक आठवडे परक्या शहरांत बाटल्यांची पिशवी खांद्याला अडकवून दुकानामागून दुकान चढत-उतरत असतो, हे चित्र मात्र कोणी छापत नाही. सकाळी स्थानिक वितरकाचा माणूस त्याला गाडीतून घेऊन निघतो. दुकानाचा खरेदीदार एक घोट तोंडात घोळवतो, थुंकतो, भाव विचारतो. दहापंधरा मिनिटांत वर्षाच्या कष्टांचा निकाल लागतो. उपाहारगृहांत जायचे ते दुपारचे जेवण आटोपल्यावर आणि रात्रीची तयारी सुरू होण्यापूर्वी, कारण एरवी तेथे कोणाला सवड नसते. रात्री पुन्हा एखाद्या भोजनसमारंभात उभे राहून आपल्या मळ्याची, मातीची आणि आजोबांची तीच कथा जणू प्रथमच सांगत असल्याप्रमाणे सांगायची. दुसऱ्या दिवशी दुसरे शहर.

हे काम पगारी प्रतिनिधीवर का सोपविता येत नाही? वितरकाच्या यादीत शेकडो नावे असतात; त्यातले एक तो आठवणीने पुढे करील याची शाश्वती नसते. दुकानाच्या फळीवर हजार बाटल्या सारख्याच मुक्या असतात. गिऱ्हाइकाला काय घ्यावे हे कळत नाही, तेव्हा तो दुकानदाराला किंवा वाढप्याला विचारतो, आणि वाढपी ज्या माणसाला भेटला आहे त्याची बाटली सुचवितो. साऱ्या पायपिटीचे इंगित एवढेच आहे. त्यातून प्रत्येक देशाचे कायदे वेगळे. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठल्यावर मद्यविक्रीचे नियम ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे गेला, आणि बहुतेक ठिकाणी उत्पादक वा आयातदार, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था रूढ झाली. स्वीडनमध्ये किरकोळ विक्री मुख्यतः सरकारी दुकानांतूनच होते. तेव्हा अमेरिकेत एक वितरक मिळविला म्हणजे देश जिंकला असे होत नाही. राज्यागणिक नव्याने सुरुवात करावी लागते.

या संदर्भात लेबाननच्या सर्ज होशार यांचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. त्यांचे वडील गास्तों होशार यांनी १९३० साली बैरूतच्या उत्तरेस गझीर येथे ‘शातो म्यूझार’ हा कारखाना काढला. द्राक्षमळे मात्र डोंगरापलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरील बेका खोऱ्यात. याच खोऱ्यात बालबेक येथे रोमनांनी बांधलेले, मद्यदेवता बॅकसचे म्हणून ओळखले जाणारे मंदिर आजही उभे आहे. म्हणजे परंपरेची उणीव नव्हती. सर्ज यांनी बोर्दो येथे शास्त्रीय शिक्षण घेतले आणि १९५९ पासून वाइन तयार करण्याचे काम हाती घेतले. माल खपत होता तो बहुतांशी देशातच. बैरूतची हॉटेले, तेथील पर्यटक आणि सधन वर्ग एवढे गिऱ्हाईक पुरेसे वाटत होते.

१९७५ साली यादवी युद्ध पेटले आणि ते गिऱ्हाईक पाहता पाहता नाहीसे झाले. मळा आणि कारखाना यांच्यामध्ये आता लढणाऱ्या टोळ्यांच्या चौक्या आल्या. १९७६ साली वाइन झालीच नाही. १९८४ साली द्राक्षांचे ट्रक इतके आडवाटेने आणि इतक्या दिवसांनी पोहोचले की द्राक्षे वाटेतच आंबू लागली होती. पंधरा वर्षांच्या या युद्धात बाकीचे हंगाम पार पडले, याचे कौतुक जगभर झाले आणि ते रास्तच होते. परंतु तेवढेच कौतुक दुसऱ्या एका गोष्टीचे व्हावयास हवे, ती सहसा होत नाही. तळघरात बाटल्या साचत असताना आणि देशात विकत घेणारा कोणी उरलेला नसताना हा माणूस बाटल्या घेऊन परदेशी बाहेर पडला. १९७९ साली ब्रिस्टल येथील वाइन-मेळ्यात ख्रिस्टीज या लिलावगृहाचे ख्यातनाम पारखी मायकेल ब्रॉडबेंट यांनी त्यांची १९६७ सालची वाइन चाखली आणि तिची वाखाणणी केली. १९८४ साली ‘डिकँटर’ या ब्रिटिश मासिकाने आपला ‘वर्षाचा मानकरी’ हा सन्मान प्रथमच दिला, तो होशार यांना.

एका पारख्याने चाखले आणि नशीब उघडले, अशी ही कथा सांगण्याचा मोह होतो. ती तशी नाही. मेळ्यातील स्तुती वर्तमानपत्राच्या रद्दीबरोबर विसरली जाते. तिचे मागणीत रूपांतर झाले ते पुढे वर्षानुवर्षे होशार आपली वाइन घेऊन देशोदेशी हिंडत राहिले म्हणून. त्यांची तांबडी वाइन सुमारे सात वर्षे मुरवून मग बाजारात येते, जुनी होते तशी बदलत जाते आणि दोन वर्षांच्या दोन बाटल्या सारख्या लागत नाहीत. असा माल पत्रक पाठवून विकता येत नाही. समोर बसून, ग्लासात थोडा वेळ ठेवून, ‘घाई करू नका’ असे सांगणारा कोणीतरी लागतो. सात वर्षे भांडवल अडकवून ठेवण्याची कुटुंबाची ऐपत होती, हेही लपविण्याचे कारण नाही. प्रत्येकाची ती नसते. होशार २०१४ च्या अखेरीस निवर्तले. २०१९ नंतर लेबाननच्या बँका कोलमडल्या आणि ठेवीदारांना स्वतःचेच पैसे मिळेनासे झाले, तेव्हा ज्यांचे गिऱ्हाईक देशाबाहेर होते त्यांच्या हाती निदान परकी चलन येत राहिले.

महाराष्ट्राला या कथेचे सोयरसुतक नाही असे नाही. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आखले, नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने उभारली गेली, आणि पुढील काही वर्षांत कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. मग २००८ साली जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईतील हॉटेलांवर हल्ला झाला, आणि हॉटेलांच्या व पर्यटकांच्या आधारावर उभी असलेली मागणी बसली. टाक्या भरलेल्या, उचल नाही. वाइनची द्राक्षे बारीक, बियांची आणि जाड सालीची. ती खाण्यासाठी बाजारात विकता येत नाहीत. कित्येक शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. ज्यांनी त्यांना लागवडीचा सल्ला दिला होता त्यांना एकही वेल उपटावी लागली नाही.

या अपयशाचे खापर मंदीवर फोडणे सोपे आहे. परंतु बैरूतवर तर बाँब पडत होते. फरक असा की आपल्याकडे यंत्रे, टाक्या, कर्जे आणि करसवलती यांचा विचार झाला. विकणारा माणूस कोठून येणार याचा झाला नाही. काही थोड्या उत्पादकांनी तो केला, आणि तेच टिकले. खाण्याच्या द्राक्षांच्या बाबतीत हा धडा आधीच मिळालेला होता. १९९१ साली स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ने सहकारी संस्थांची द्राक्षे युरोपात पोहोचविली, ती तेथील खरेदीदाराला काय हवे हे शिकत शिकत. उलट २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात माल अडला, तेव्हा खरेदीदाराचे नियम आपल्या बांधापर्यंत वेळेवर न पोहोचण्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.

मद्य प्यावे की नाही, हा प्रश्न येथे मुद्दामच बाजूला ठेवला आहे. २०२२ साली मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याच्या राज्य सरकारच्या निर्णयावरून जे वादळ उठले, त्यात दोन्ही बाजूंनी नैतिकतेची भाषा झाली. एक पक्ष संस्कृती बुडाल्याचे सांगत होता, दुसरा शेतकऱ्याचे कल्याण झाल्याचे. शेतकऱ्याचे कल्याण परवान्याने होत नाही. फळीवर जागा मिळाली तरी तेथे कोणाची बाटली उभी राहणार, आणि ती उचला असे गिऱ्हाइकाला कोण सांगणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

परदेशी प्रदर्शनात मांडव घेण्यास अनुदान मिळते. मंत्र्यांसह शिष्टमंडळे जातात, छायाचित्रे येतात. प्रदर्शनानंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्याच शहरातील त्याच वीस दुकानांत पुन्हा जाण्याचा खर्च मात्र लहान उत्पादकाला स्वतःच सोसावा लागतो, आणि तो त्याला झेपत नाही. दहा लहान कारखान्यांनी मिळून एक जाणता माणूस लंडनला किंवा टोकियोला तीन वर्षे ठेवला, आणि त्याच्या साथीला दरवर्षी आळीपाळीने एकेक उत्पादक पाठविला, तर त्यास येणारा खर्च एका वातानुकूलित मांडवाहून फार अधिक होईल असे वाटत नाही. अनुदानाच्या नियमांत एवढी दुरुस्ती करावयास विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही गरज पडू नये.