टाळूतून दिसणारा मेंदू

नवजात बालकाची टाळू तेलाने भरताना त्या मऊ जागेखालची लवलव जिच्या बोटांना जाणवली आहे, अशा कोणत्याही आजीबाईला तेथे हाड अद्याप सांधलेले नाही हे निराळे सांगावे लागत नाही. त्याच जागेतून ध्वनिलहरी सोडून, बालकास काचेच्या पेटीतून न हलविता, मेंदूचे अंतरंग पाहता येते. आणि तरीही गर्भाचे बत्तीस आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या बाबतीत ही सोनोग्राफी अपरिहार्य मानण्याची शिस्त आपल्याकडे सर्वत्र रुजलेली नाही, याचा मला मनस्वी खेद होतो.

अशा बालकाच्या मेंदूतील पोकळ्यांच्या काठी, जेथे नव्या पेशी निपजतात, तेथील रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की श्वास अडखळला किंवा रक्तदाब एकाएकी चढला-उतरला तरी त्या फुटतात. हा रक्तस्राव बहुतांशी पहिल्या 72 तासांत होतो, आणि बाहेर पुष्कळदा त्याची खूणही उमटत नाही. 1978 साली अमेरिकेतील डॉ. पपाइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोहून कमी वजनाच्या 46 बालकांच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा 20 बालकांत रक्तस्राव आढळला. त्यांतील जी 9 वाचली, त्यांपैकी 7 बालकांत त्याचे एकही बाह्य लक्षण दिसलेले नव्हते. मेंदूतील पांढऱ्या द्रव्याची इजा तर सोनोग्राफीत दिसावयास काही आठवडे जातात, म्हणून एका तपासणीने भागत नाही.

आपल्याकडे मात्र वजन भरले की घरी जाण्याची परवानगी मिळते. आईबापांच्या आनंदात त्या क्षणी विरजण घालणे कोणाही डॉक्टरास जड जात असेल, हे मी समजू शकतो. परंतु दोन वर्षांचे मूल पाय टाकीत नाही म्हणून तीच आई पुन्हा दारात येते, तेव्हा तिच्या हातातील कार्डावर वजनाखेरीज काही नसावे, हे मला सहन होत नाही. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली आपल्याच पालघरात झाला, त्याने अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची तजवीज केलेली आहे. पण कोणते मूल तेथे धाडावयाचे हे वेळीच कळण्यासाठी पाळण्यातच त्याच्या मेंदूची नोंद व्हावयास हवी. तेव्हा डोक्याच्या सोनोग्राफीचा निष्कर्ष व पुढील तपासणीची तारीख लिहिल्याविना अशा बालकाचे कार्ड पुरे झाले असे मानू नये, असा स्पष्ट हुकूम आरोग्यखात्याने काढावा, आणि त्या तारखेस रोजंदारी बुडवून येणाऱ्या आईच्या गाडीभाड्याची तरतूदही त्याच हुकुमात करावी.